बीपीच्या गोळ्या: या चुका टाळा

आमच्या निपाणीच्या मामांना मागच्या पावसाळ्यात चक्कर यायला लागली, अंथरुणातून उठलं की डोळ्यापुढं अंधार. घरात सगळ्यांना वाटलं अशक्तपणा असणार. मामींनी गोळ्यांचा डबा आणून समोर ओतला तेव्हा कळलं, एक पट्टी मिरजेच्या डॉक्टरांनी दिलेली, एक बेळगावच्या, वरची नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, पण दोन्हीवर बारीक अक्षरात एकच, टेल्मिसार्टन ४०. म्हणजे मामा दीड महिना डबल डोस घ्यायलेत आणि कुणाला पत्ता नाही.

आपल्या सीमाभागात हे होण्यासारखंच आहे बघा, कारण आपण एक पाय मिरज-कोल्हापुरात आणि एक बेळगावात ठेवून असतो, आणि एका डॉक्टरला दुसऱ्याच्या गोळ्या दाखवायच्या तर संकोच वाटतो. संकोच करू नका. चिठ्ठी नको, सगळ्या पट्ट्याच पिशवीत घालून न्या, मधुमेहाच्या, गुडघ्याच्या, आयुर्वेदिक, सगळ्या.

पट्टीवर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीनं दिलेलं नाव, बारीक असतं ते खरं औषध. ते इंग्रजीत, दुकानदार गुळगी (म्हणजे गोळी) कशी घ्यायची ते कानडीत सांगणार, आणि आजी शिकलेली मराठी शाळेत. म्हणून घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराला वाचायला लावा आणि वहीत मराठीत लिहून ठेवा. नावाचं शेपूट बघायचं. 'डिपिन', 'प्रिल', 'सार्टन', 'लोल', एवढी चार ओळखता आली तरी पुष्कळ.

डिपिन म्हणजे अम्लोडिपिन वगैरे. यानं घोट्याजवळ पाय सुजतात, डोस जास्त असला की जास्तच. बारीक रक्तवाहिन्या सैल होतात आणि पाणी खाली झिरपतं म्हणून ती सूज. इथं लोक दोन चुका करतात, एक तर गोळी गुपचूप बंद करतात, नाहीतर शेजारच्या काकांची लघवीची गोळी मागून घेतात. त्या गोळीनं ही सूज नीट उतरत नाही. डॉक्टर डोस कमी करतात, किंवा जोडीला सार्टनची, म्हणजे मामांच्या टेल्मिसार्टनसारखी, गोळी देतात, किंवा औषधच बदलतात, पण हृदय-किडनीमुळंही पाय सुजतात म्हणून आधी दाखवायलाच पाहिजे.

प्रिलवाल्यांचा, म्हणजे एनालाप्रिल, रॅमिप्रिल, कोरडा खोकला ठरलेला नाही पण बऱ्याच जणांना येतो, घशात नुसती खवखव, आणि कधी कधी गोळी सुरू करून महिने झाल्यावर येतो म्हणून कुणाला गोळीवर संशयच येत नाही. आमच्या ओळखीच्या एक मावशी चार महिने खोकल्याचं औषध पीत होत्या, गोळी बदलली आणि काही आठवड्यांत खोकला गेला. पण याच गोळ्यांनी कधी ओठ, जीभ किंवा चेहरा सुजायला लागला तर वाट बघायची नाही, पुढची गोळी घ्यायची नाही, लगेच १०८ ला फोन.

लोल, म्हणजे मेटोप्रोलोल, एटेनोलोल. थकवा येतो, नाडी मंद होते, दमा असेल तर आधी सांगा. आणि ह्या मनानं एकदम बंद करू नका, धडधड आणि छातीत दुखणं वाढू शकतं.

आता मिठाचं. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, लोकांना वाटतं बीपीला बरं. बऱ्याच जणांना ते चालतंही, पण त्यात पोटॅशियम असतं आणि सार्टन-प्रिलवाल्या गोळ्यांनी आधीच पोटॅशियम वाढायची शक्यता असते, त्यात किडनी अधू असेल तर मोठा धोका. सैंधव पण लोकांना बीपीला बरं वाटतं, पण ते तर जवळजवळ साधंच मीठ आहे. त्यापेक्षा लोणचं-पापड-सांडगे कमी करा.

गुडघेदुखीच्या गोळ्या, डायक्लोफेनाक, आयबुप्रोफेन, ह्या बीपी वाढवतात आणि सार्टन किंवा प्रिलसोबत लघवीची गोळी चालू असेल तर किडनीवर ताण येतो. शेतात राबून अंग दुखलं की दुकानातून 'दुखण्याची दे' म्हणून आणतो ना, तिथं दुकानदाराला बीपीच्या गोळ्या चालू आहेत हे सांगा.

सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला उन्हात गेलात आणि जुलाब-उलट्या लागल्या तर लघवीची, सार्टनची किंवा प्रिलची गोळी त्या दिवशी घ्यायची का ते डॉक्टरांना फोन करून विचारा. एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या एकदम खाऊ नका. आणि घरातली सून, लेक गरोदर राहायचा विचार करत असेल आणि सार्टन किंवा प्रिल चालू असेल तर आधीच सांगा, पोटातल्या बाळाला त्या चालत नाहीत.

मशीनवर मोजताना चहा-तंबाखूनंतर अर्धा तास थांबा, ५ मिनिटं शांत बसा, पट्टा उघड्या दंडाला. घरी सरासरी १३५/८५ च्या वर येत राहिली तर वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. आणि १२५ आला म्हणून गोळी बंद करू नका, तो १२५ गोळीमुळंच आलाय.