बुचाच्या फुलाला काम द्या: प्रेमकवितेत निसर्ग आणायचा कसा

चंद्र, मोगरा आणि पाऊस हे तिघं प्रेमकवितेत इतकी वर्षं राबले आहेत की एव्हाना त्यांची पेन्शन सुरू व्हायला हवी होती. मी पुण्यातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. निवृत्त झाल्यापासून शनिवारी संध्याकाळी कविता लिहिणारी मुलंमुली आमच्याकडे जमतात, चहा पितात, वह्या पुढे करतात. त्या वह्यांच्या समासात मी जे पुन्हा पुन्हा लिहिते, तेच इथे सलग मांडते आहे.

सगळ्याचं मूळ एकाच गोष्टीत आहे. निसर्ग प्रेमाच्या अंगावर सजावट म्हणून चढवू नका, त्याला कवितेत काम द्या. झाड, पक्षी, नदी काहीतरी करताना दिसली पाहिजे, आणि ती जे करते त्यातून त्या दोन माणसांमध्ये काय चाललंय ते कळलं पाहिजे.

आधी एक झाड धरा

रोजच्या वाटेवरचं एकच झाड निवडा. ते कसं दिसतं हे लिहू नका, ते काय करतं ते लिहा. ‘सुंदर’, ‘मोहक’, ‘नाजूक’ हे शब्द वहीच्या त्या पानावर येता कामा नयेत.

पुण्यात राहणाऱ्यांना मी बुचाचं झाड सुचवते. मूळचं ब्रह्मदेशाकडचं, पण आपल्या जुन्या रस्त्यांच्या कडेला आणि बंगल्यांच्या आवारांत पक्कं रुळलेलं. पावसाळा सरला की उंच फांद्यांवर पांढऱ्या फुलांचे घोस येतात. फूल रात्री उमलतं आणि सकाळपर्यंत खाली पडतं. त्याची नळी लांबलचक असते, म्हणून सुईदोरा न घेता देठात देठ गुंफून वेणी करता येते. झाडाची साल बुचासारखी भेगाळ आणि मऊ, लाकूड ठिसूळ, त्यामुळे वादळात फांद्या पटकन मोडतात. झाड इतकं उंच की फूल हाताने तोडता येत नाही, पडेल तेव्हाच उचलायचं.

आता यातल्या एकेका वाक्यात एकेक नातं दडलंय की नाही बघा. ज्याच्यापर्यंत आपण पोचू शकत नाही, त्यानं टाकलं तरच मिळतं. दोऱ्याशिवाय गुंफलेलं टिकतं किती? उपमा शोधायला कुठे जावं लागत नाही, निरीक्षण नीट असलं की ती आतच असते.

अदलाबदल करून बघा

आमच्याकडे येणाऱ्या एका मुलानं मागे लिहून आणलं होतं:

तुझ्या आठवणींचा सुगंध
बुचाच्या फुलांसारखा दरवळतो
आणि माझं वेडं मन
वाऱ्यावर झुलत राहतं

मी त्याला म्हटलं, बूच खोड आणि तिथे मोगरा लिही. मग निशिगंध लिही. मग सोनचाफा. कवितेला काही झालं का? काहीच नाही. म्हणजे बूच तिथे नुसतं बसून होतं. ही चाचणी कुठल्याही ओळीला लावा. फूल बदलून कविता मोडत नसेल, तर ते फूल तिथे नकोच.

मग त्याला विचारलं, तू बुचाची फुलं शेवटची पाहिलीस कुठे? तर म्हणाला, ‘क्लासबाहेर गाडी लावतो ना, तिच्या सीटवर पडलेली असतात.’ अरे, मग हेच लिही की! दोन आठवडे खाडाखोड करून त्यानं हे आणलं:

सकाळी गाडीच्या सीटवर
बुचाची फुलं.
तू असतीस तर आधी
देठात देठ अडकवत बसली असतीस,
उशीर झाला असता.
मी हातानं झटकतो,
किल्ली फिरवतो.
वेळेवर पोचतो.

इथे मोगरा घालून बघा. जमत नाही. मोगरा गाडीच्या सीटवर आपणहून पडत नाही आणि दोऱ्याशिवाय गुंफताही येत नाही. ‘प्रेम’, ‘आठवण’, ‘विरह’ यांतला एकही शब्द नाही, तरी ‘वेळेवर पोचतो’ हे वाचताना लागतं. त्याखाली ‘आणि डोळे भरून येतात’ अशी आणखी एक ओळ होती. ती मी काढायला लावली. तो कुरकुरला, पण काढली.

बोलायचं ते पक्ष्यावर सोपवा

ही युक्ती आपल्याच मातीतली आहे आणि फार जुनी आहे. ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतातला संग्रह सातवाहन राजा हाल याच्या नावावर आहे. त्यातली एक गाथा मी प्रत्येक नव्या माणसाला ऐकवते. एक बाई आपल्या प्रियकराला एवढंच म्हणते: बघ, कमळाच्या पानावर ती बगळी कशी जराही न हलता शोभते आहे, पाचूच्या स्वच्छ तबकात शंखाची शिंपली ठेवावी तशी. संपली गाथा.

यात प्रेम कुठे आहे? बगळी हलत नाही यात. पक्षी निर्धास्त बसलाय म्हणजे इथे कुणी फिरकत नाही, म्हणजे भेटायला ही जागा चांगली. हे ती तोंडानं म्हणत नाही. ‘काव्यप्रकाश’ लिहिणाऱ्या मम्मटानं याच ओळींचा दुसराही अर्थ दिलाय: तू इथे येऊन गेलास म्हणतोस ते खोटं आहे, आला असतास तर बगळी उडाली नसती का? एकाच पक्ष्याच्या स्तब्धतेत आमंत्रणही आहे आणि भांडणही. कवीनं बगळीचं वर्णन करण्यापलीकडे काही केलेलं नाही. फक्त ते कोण बोलतंय आणि कोणाला, एवढं पक्कं ठेवलंय.

सरावासाठी हेच करा. दोन माणसं ठरवा, त्यांच्यातली एक न बोललेली गोष्ट ठरवा, आणि एकानं दुसऱ्याला फक्त एक पक्षी दाखवावा. पाषाण तलावाकाठचा बगळा घ्या, वायरीवर बसलेला कोतवाल घ्या. मोर नको. मोर आला की कविता कॅलेंडर होते.

साध्या पक्ष्यानं किती मोठं काम होतं हे ज्ञानेश्वरांच्या विराणीत दिसतं. ‘पैल तो गे काऊ कोकताहे, शकुन गे माये सांगताहे.’ कावळा ओरडला की पाहुणा येतो, ही समजूत घरोघरी होती. म्हणून पंढरीरायाची वाट बघणारी ती स्त्री कावळ्याला दहीभाताचा घास द्यायला, त्याचे पाय सोन्यानं मढवायला निघते. तिची ओढ किती आहे हे वेगळं सांगावं लागत नाही, लाच केवढी देते त्यावरून कळतं.

माहिती तपासा, पण तिची गुलामी नको

कोकिळांत कुहूकुहू करतो तो नर. काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, ठिपकेदार, आणि तिला तो पंचम नाही. तेव्हा ‘कोकिळा साद घालते प्रियाला’ लिहिण्याआधी विचार करा, उलट लिहिलंत तर कविता जास्त रंगेल. चातकाचंही तेच. सगळे त्याच्या तहानेत अडकलेत. तो सातभाईंच्या घरट्यात अंडी घालून मोकळा होतो, यावर मला अजून कुणी कविता दाखवलेली नाही.

बहिणाबाईंचा खोपा मात्र वेगळा. ‘अरे खोप्यामधी खोपा सुगरणीचा चांगला, देखा पिलासाठी तिनं झोका झाडाले टांगला.’ प्रत्यक्षात घरटं विणायला घेतो नर. वनस्पतिशास्त्रवाली असले तरी या कवितेचे मार्क मी कापणार नाही, कारण इवल्याशा चोचीनं केलेलं ते काम बाईंनी जवळून बघितलंय, आणि आईपणाचं नातं त्या विणीतून उभं राहतं. पण तुम्हाला नवीन काही लिहायचं असेल तर नराकडे बघा. पावसाळ्यात पाण्याकाठच्या बाभळीवर तो अर्धवट खोपा विणून पंख फडफडवत मादीला बोलावतो. ती येते, आत डोकावते, पसंत पडलं नाही तर निघून जाते. लग्न ठरण्याआधी वाकडमध्ये फ्लॅट बुक केलेल्या मुलावरची कविता इथे तयार आहे, कुणीतरी लिहा.

पाऊस कुठला, ते ठरवा

नुसता ‘पाऊस’ चालणार नाही. पुण्यात मे महिन्यात दुपारी आभाळ भरून वळीव येतो, गारा टाकतो, फांद्या मोडतो आणि तासाभरात ऊन. श्रावणात एका फुटपाथवर सर, समोरच्यावर ऊन. परतीचा पाऊस जातो जातो म्हणत ऑक्टोबरात पुन्हा गाठतो. यातलं प्रत्येक वेगळं प्रेम आहे, आणि कवितेत महिना स्पष्ट झाला की अर्धं काम झालं. जुन्या तमिळ संगम कवितेनं तर प्रदेशच वाटून दिले होते: डोंगरात मीलन, समुद्रकाठी झुरणं, शेताच्या प्रदेशात रुसवा. लाल माती आणि तिच्यात मिसळलेलं पावसाचं पाणी, असं दोन मनांबद्दल सांगणारा त्यांचा एक कवी त्या प्रतिमेच्याच नावानं ओळखला जातो, सेंबुलप्पेयनीरार. आपल्या वेताळ टेकडीच्या मुरमावर पाणी तसं मिसळत नाही, वाहून जातं. तेही एक नातंच.

माझा आवडता पाऊस मुठेवरच्या भिडे पुलाचा. पानशेत, वरसगाव, टेमघर या वरच्या धरणांकडे धो धो कोसळतो, खडकवासल्यातून विसर्ग वाढतो आणि इकडे डेक्कनला धड भुरभुरही नसताना पूल पाण्याखाली जातो. एक जण नारायण पेठेच्या बाजूला, दुसरा डेक्कनला. त्यांच्यात काहीच बिनसलेलं नाही. पाऊस भलत्याच कुणाच्या घरी पडलाय. सासर-माहेर, जात, कर्ज, काय हवं ते त्या धरणात भरा, पण नाव घेऊ नका. विसर्गाचा आकडा बातमीत देतात तसा क्युसेकमध्ये द्या.

आणि चंद्राशिवाय अडतच असेल तर तिथी ठरवा. पौर्णिमेचा सोडा, संकष्टीचा घ्या. तो साधारण नऊच्या आगेमागे उगवतो, नेमकी वेळ कॅलेंडरवर छापलेली असते. तिचा उपास आहे, ती गच्चीवर उभी आहे, समोरच्या टॉवरमुळे चंद्र अजून दिसत नाहीये. खाली त्यानं कुकर लावलाय आणि दर पाच मिनिटांनी जिन्यातून ‘दिसला का?’ विचारतोय. आता मुखचंद्र वगैरे काहीही न लिहिता आठ ओळींत एवढंच लिहा, आणि शिट्ट्या किती झाल्या ते विसरू नका.