पडून राहिलेल्या माणसाची ऊर्जा मोजणं

प्रयोगशाळेत रुजू झाले तेव्हा मला ट्रेडमिलची धास्ती होती. धावणारा माणूस, तोंडात माउथपीस, नाकाला चिमटा, मध्येच भोवळ आली तर? पलंगावर अर्धा तास नुसत्या पडून राहणाऱ्याची चाचणी मात्र अगदी आरामाची वाटायची. महिनाभरात उलटं निघालं.

यंत्र तेच, तत्त्वही तेच. शरीराने किती ऑक्सिजन घेतला, किती कार्बन डायऑक्साइड सोडला, यावरून खर्च झालेली ऊर्जा काढायची. त्यासाठी वीअर नावाच्या शास्त्रज्ञाचं १९४९ सालचं सूत्र आजही चालतं: ऑक्सिजनच्या लिटरला ३.९४, कार्बन डायऑक्साइडच्या लिटरला १.१ ने गुणा आणि बेरीज करा. मिनिटाला ०.२२ लिटर ऑक्सिजन आणि ०.१८ लिटर कार्बन डायऑक्साइड असेल, तर दिवसाचे साधारण १५३५ किलोकॅलरी होतात. हे गणित एकदा तरी वहीत करा, नाहीतर पडद्यावरचा कुठलाही आकडा खरा वाटू लागतो.

गोम आत घेतलेल्या आणि बाहेर सोडलेल्या हवेतल्या फरकात आहे. हवेत ऑक्सिजन २०.९३ टक्के. धावणाऱ्याच्या उच्छ्वासात तो १६-१७ वर येतो. पडलेल्या माणसाच्या डोक्यावर मात्र पारदर्शक कॅनोपी असते आणि पंप तिच्यातून सतत खोलीची हवा ओढत असतो, त्यामुळे फरक उरतो जेमतेम एक टक्का. सेन्सर ०.१ टक्क्याने चुकला, तर धावताना उत्तर दोन-अडीच टक्क्यांनी हलतं, पडल्यापडल्या दहा टक्क्यांनी!

त्यात माझ्या चुका. एक मुलगा झोपला की जागा आहे हे बघायला मी कॅनोपीवर वाकून राहिले आणि कार्बन डायऑक्साइडचा आलेख वर चढला. तो माझाच श्वास होता. दुसरी चूक हवेच्या दाबाची. पुण्यात तो समुद्रसपाटीपेक्षा बराच कमी, पाऱ्याचे ७१० मिलिमीटरच्या आसपास. मी यंत्रात समुद्रसपाटीचा ७६० तसाच राहू दिला आणि आठवडाभर सगळ्यांचे आकडे सातएक टक्के फुगलेले आले. आठवडा पाण्यात.

आणि मग माणसं. रात्रभर उपाशी असलेल्याचं श्वसन गुणोत्तर, म्हणजे सोडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले घेतलेला ऑक्सिजन, ०.८ च्या आसपास हवं. एका दादांचं ०.९७ आलं. मी दोनदा कॅलिब्रेशन केलं, म्हणजे यंत्र माहीत असलेल्या वायूशी जुळवून पाहिलं, नळ्या तपासल्या, शेवटी विचारलं, "सकाळी काही खाल्लं होतं का?" "छे हो ताई, तुम्ही उपवास सांगितला होता ना? थोडी साबुदाण्याची खिचडी फक्त." तेव्हापासून मी 'उपवास' हा शब्द तोंडातून काढत नाही. आदल्या रात्री नऊनंतर पाण्याशिवाय काही नाही, चहासुद्धा नाही, असं लिहूनच देते. आल्यावर "उपाशी आहात ना?" असंही विचारत नाही, कारण उत्तर "हो"च येतं. "उठल्यापासून पोटात काय काय गेलं?" असं विचारते.

तीन जिने चढून आलेल्याला किमान अर्धा तास पडू द्या. पहिल्या पाच मिनिटांची नोंद टाकून द्या. डुलकी लागू देऊ नका, झोपेत खर्च उतरतो.

व्यायामाचं त्या मानाने सोपं. प्रत्येक वेगाला तीन-चार मिनिटं द्या, ऑक्सिजनची रेघ सपाट झाली की मगच आकडा घ्या. दांडी धरू देऊ नका, खर्च कमी दिसतो. गुणोत्तर १ च्या वर गेलं की वीअरचं सूत्र बाजूला ठेवा. तेव्हाचा जादा कार्बन डायऑक्साइड इंधन जळून आलेला नसतो, जोराच्या व्यायामात तयार झालेलं आम्ल शमवताना रक्तातल्या बायकार्बोनेटमधून सुटलेला असतो.

यंत्राचा संशय आला तर कॅनोपीखाली स्पिरिटचा दिवा लावा, अर्थात सांभाळून आणि कुणी अनुभवी जवळ असताना. शुद्ध इथेनॉल जळताना गुणोत्तर ०.६७ यायलाच हवं. मला ते तिसऱ्या खेपेला आलं. पहिल्या दोन वेळा नळीचा जोड सैल होता.