अमली पदार्थांच्या ठपक्यावरून फौजेतून काढले असेल तर फेरविचार कसा मागावा

अमली पदार्थ बाळगल्याच्या किंवा सेवन केल्याच्या आरोपावरून जवान घरी परतला की घरचे लोक पहिल्यांदा एकच सांगतात, की त्याने काही केलेले नाही. फौजेच्या ऑफिसात क्लर्क म्हणून नोकरी पूर्ण करून नाशिक रोडला स्थायिक झाल्यापासून मी अशा लोकांचे अर्ज आणि निवेदने लिहून देतो, आणि हे म्हणणे मी दर वेळी थोडा वेळ बाजूला ठेवायला सांगतो. ते खरे असू शकते; परंतु फेरविचाराचे काम सुरू होते ते हातातल्या आदेशावर कोणते कलम आणि कोणता नियम लिहिला आहे, तिथून. मागे निफाड तालुक्यातल्या एक बाई मुलाचे कागद खताच्या रिकाम्या पिशवीत घालून घेऊन आल्या होत्या. पिशवीत शाळेचा दाखला होता, भरतीचे पत्र होते, सरपंचाने दिलेले चांगल्या वर्तणुकीचे प्रमाणपत्र होते. ज्या आदेशाने मुलगा घरी आला तो आदेश मात्र नव्हता. तो मिळवण्यातच आमचे पाच आठवडे गेले.

बोलताना आपण सगळ्यालाच ‘डिस्चार्ज’ म्हणतो, पण सेना अधिनियम १९५० च्या दृष्टीने या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. कोर्ट मार्शलने शिक्षा म्हणून दिलेली बडतर्फी एक. कलम २० खाली प्रशासकीय आदेशाने केलेली बडतर्फी किंवा सेवेतून दूर करणे दुसरे. आणि कलम २२ व सेना नियम १९५४ मधील नियम १३ खाली दिलेला डिस्चार्ज तिसरा. हा फरक नुसता शब्दांचा नाही. बडतर्फ झालेल्या जवानाची आधीची सगळी सेवा निवृत्तिवेतनाच्या हिशेबातून जाते आणि राष्ट्रपतींच्या विवेकाधिकारात अपवाद झाला तरच काही हाती लागते, तर डिस्चार्ज मिळालेल्या जवानाची १५ वर्षांची अर्हताकारी सेवा भरलेली असेल तर त्याचा निवृत्तिवेतनाचा हक्क सहसा शिल्लक राहतो. माजी सैनिक म्हणून मिळणाऱ्या सरकारी नोकरीतल्या आरक्षणाचे मात्र दोन्हींत अवघड होते, कारण गैरवर्तनावरून बडतर्फ किंवा डिस्चार्ज झालेला माणूस त्या व्याख्येत बसत नाही. म्हणून बडतर्फी रद्द होत नसेल तर तिचे निदान डिस्चार्जमध्ये रूपांतर करावे, ही पर्यायी मागणी निवेदनात अवश्य लिहावी. ‘सगळे नाही तर काहीच नको’ हा बाणा इथे घरादाराला महागात पडतो.

आदेश प्रशासकीय असेल तर सर्वांत आधी कारणे दाखवा नोटीस शोधावी. नियम १७ प्रमाणे, फौजदारी न्यायालयाने किंवा कोर्ट मार्शलने दोषी ठरवलेले नसताना कलम २० खाली काढायचे असेल, तर जवानाला आरोपाचा तपशील कळवून लेखी उत्तरासाठी वाजवी मुदत द्यावी लागते. ती देणे योग्य किंवा व्यवहार्य नसेल तर अधिकाऱ्याने तसे प्रमाणित करावे लागते. नियम १३ च्या तक्त्यात ‘इतर सर्व प्रकारचे डिस्चार्ज’ असा जो रकाना आहे, त्यातही ब्रिगेड किंवा सब-एरिया कमांडरने, परिस्थिती अनुकूल असेल तर, आदेशापूर्वी म्हणणे मांडण्याची संधी द्यायची असते. नोटीस हातात आली की तीन तारखा एका कागदावर लिहून काढाव्यात: नोटिशीवरची तारीख, जवानाने पोच म्हणून सही केल्याची तारीख आणि उत्तराची शेवटची तारीख. मी पाहिलेल्या एका नोटिशीवर शुक्रवारची तारीख होती, पोच शनिवारी संध्याकाळची होती आणि उत्तर सोमवारी सकाळी दहापर्यंत मागितलेले होते. शिवाय ज्या चौकशीचा हवाला दिला होता तिची प्रत सोबत जोडलेलीच नव्हती. त्या जवानाने उत्तरात इंग्रजीत एकच ओळ लिहिली होती, चूक झाली, माफी असावी. ती ओळ त्याने कोणाच्या सांगण्यावरून लिहिली हे तो आजही नीट सांगू शकत नाही, पण तारखांचा मुद्दा त्या ओळीपेक्षा वजनदार ठरतो.

आदेश नुसत्या एका प्रसंगावर नसून जुन्या ‘रेड इंक एंट्री’, म्हणजे सेवा-नोंदीत लाल शाईने लिहिलेल्या शिक्षा, मोजून काढलेला असेल, तर वीरेंद्र कुमार दुबे विरुद्ध थलसेनाध्यक्ष या २०१५ च्या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय उपयोगी पडतो. चार लाल नोंदी झाल्या म्हणून डिस्चार्ज आपोआप देता येत नाही. सेना मुख्यालयाच्या डिसेंबर १९८८ च्या सूचनांप्रमाणे प्राथमिक चौकशी करावी लागते आणि सेवेची लांबी, खडतर ठिकाणी केलेली नोकरी यांसारख्या गोष्टी विचारात घ्याव्या लागतात, असे त्यात म्हटले आहे. त्यामुळे सियाचीन, काश्मीर किंवा ईशान्येकडील नेमणुकांच्या तारखा निवेदनात स्वतंत्र परिच्छेदात द्याव्यात.

कोर्ट मार्शलचे प्रकरण वेगळ्या रीतीने तपासावे लागते. जवानांच्या बाबतीत ते बहुधा समरी कोर्ट मार्शल असते, म्हणजे न्यायाधीशाच्या जागी स्वतः कमांडिंग ऑफिसर असतो. अमली पदार्थ बाळगल्याचा आरोप एनडीपीएस कायदा १९८५ (अमली पदार्थविरोधी कायदा) मधील नागरी गुन्हा, म्हणजे एरवी साध्या फौजदारी न्यायालयात चालणारा गुन्हा, म्हणून सेना अधिनियमाच्या कलम ६९ खाली ठेवलेला असेल, तर त्याच अधिनियमाचे कलम १२० आठवावे: तातडीच्या कारवाईचे गंभीर कारण नसेल आणि शिस्तीला बाधा न येता विचारणा करता येत असेल, तर डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शल बोलावण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय समरी कोर्ट मार्शलने असा खटला चालवायचा नसतो. अशी विचारणा झाली होती का, हे कागदावरूनच कळते. सर्वोच्च न्यायालयाने विश्व प्रिय सिंह प्रकरणात २०१६ मध्ये समरी कोर्ट मार्शल हा अपवादात्मक मार्ग असल्याचे बजावले आहे, आणि १९८७ च्या रणजित ठाकूर निर्णयात शिक्षा दोषाच्या मानाने बेसुमार असेल तर ती टिकत नाही हे सांगितले आहे. खटल्याच्या कार्यवाहीची प्रत मागण्याचा हक्क नियम १४७ ने आरोपीला दिलेला आहे. मात्र समरी कोर्ट मार्शलचे कागद किमान ३ वर्षेच जपायचे असतात, म्हणून ही मागणी पहिल्याच महिन्यात लेखी करावी.

कागद मिळाल्यावरच पुराव्याकडे वळावे, आणि इथे मात्र सावकाश वाचावे. लघवीच्या तपासणीवर प्रकरण उभे असेल तर नमुना कोणी घेतला, कोणासमोर घेतला, बाटलीवर कोणाची सही आणि कोणते सील होते, ती प्रयोगशाळेत कोणत्या दिवशी पोचली आणि मधल्या काळात कोणाच्या ताब्यात होती, हे एकेक शोधावे. पट्टीवरची प्राथमिक चाचणी ही नुसती चाळणी असते. तिचा निष्कर्ष चुकू शकतो, कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधानेही अफूजन्य पदार्थांची चाचणी सकारात्मक येऊ शकते, म्हणून दुसऱ्या पद्धतीने केलेली खात्रीची चाचणी झाली होती का, हे विचारलेच पाहिजे. त्या दिवसांत एम.आय. रूममधून, म्हणजे युनिटच्या दवाखान्यातून, कोणते औषध मिळाले होते याची चिठ्ठी किंवा नोंद सापडली तर ती सोन्यासारखी जपावी. वस्तू सापडल्याचा आरोप असेल तर वजन आणि प्रयोगशाळेचा अहवाल पाहावा. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारी शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पाने आणि बिया त्या व्याख्येबाहेर आहेत, आणि १ किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाणा’त मोडतो. अहवालात ‘हिरवट सुका पाला’ एवढेच लिहिलेले असेल तर तो मुद्दा सोडू नये. नागरी पोलिसांनीही गुन्हा नोंदवला असल्यास एफआयआर, आरोपपत्र आणि निकाल या सर्वांच्या प्रमाणित प्रती जोडाव्यात. सुटका झाली म्हणून प्रशासकीय आदेश आपोआप रद्द होत नाही, परंतु बडतर्फी ज्या दोषसिद्धीवर आधारलेली होती ती अपिलात उडाली तर आदेशाचा पायाच राहत नाही.

आणखी एक गोष्ट घरचे लोक लाजेने लपवतात, ती म्हणजे उपचार. जवान लष्करी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात दाखल होता, त्याची वैद्यकीय श्रेणी उतरवलेली होती, आणि तरीही त्याच काळातील वागणुकीवरून त्याला गैरवर्तनाच्या कारणाने काढले, असे असेल तर तो निवेदनाचा कणा होऊ शकतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे. मेडिकल बोर्डापुढे न नेता शिस्तीच्या मार्गाने का पाठवले, हा प्रश्न रास्त ठरतो. व्यसन नव्हतेच आणि व्यसन हा आजार होता, ही दोन विधाने एकाच निवेदनात ठेवू नयेत. कोणते खरे आहे ते जवानाशी दार लावून, आईवडिलांना बाहेर बसवून, एकदा स्पष्ट बोलून घ्यावे. व्यसन होते असे ठरले तर सध्या चालू असलेल्या उपचारांचे कागदही जोडावेत. उपचार सुरू नसतील तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवरून सुरुवात करता येते.

कागद मागायचे कोणाकडे, यात पुष्कळ वेळ वाया जातो. तोफखान्याच्या जवानाचे रेकॉर्ड ऑफिस आपल्या नाशिक रोड कॅम्पातच आहे, परंतु नाशिकचा मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीत असेल तर पत्र बेळगावला जाते आणि महार रेजिमेंटमध्ये असेल तर मध्य प्रदेशातील सागरला. पत्रावर सेना क्रमांक, हुद्दा, नाव आणि शेवटचे युनिट या क्रमाने लिहावे. क्रमांकात एक आकडा चुकला तर पत्र परत येते. महिनाभरात उत्तर नाही आले तर माहिती अधिकार कायदा २००५ खाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करावा, उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पत्रव्यवहाराला मदत मिळू शकते, पण आदेश बदलण्याचा अधिकार तिथे नाही, हे ध्यानात ठेवूनच चक्कर मारावी.

निवेदन कोणाला करायचे हे आदेशाच्या प्रकारावर ठरते. कोर्ट मार्शलविरुद्धची याचिका सेना अधिनियमाच्या कलम १६४ खाली जाते, आणि कार्यवाही बेकायदेशीर किंवा अन्याय्य असल्याच्या कारणावरून ती रद्द करण्याचा अधिकार कलम १६५ ने केंद्र सरकारला आणि थलसेनाध्यक्षांना दिलेला आहे. प्रशासकीय आदेशाविरुद्ध वरिष्ठ अधिकाऱ्याकडे निवेदन करावे. निवेदन चार-पाच पानांपलीकडे नेऊ नये. आधी तारखांचा क्रम, मग प्रक्रियेतील दोष, मग पुराव्यातील दोष, मग सेवेचा तपशील आणि शेवटी मुख्य व पर्यायी मागणी, एवढे पुरते. ज्या अधिकाऱ्याने आदेश काढला त्याच्यावर हेतूचे आरोप करण्याचा मोह आवरावा. पुरावा नसताना केलेला एक आरोप बाकीच्या चार खऱ्या मुद्द्यांची किंमत घालवतो.

निवेदन फेटाळले गेले, किंवा ६ महिने उलटूनही निर्णय आला नाही, की सशस्त्र दल न्यायाधिकरण अधिनियम २००७ खालचा मार्ग मोकळा होतो. अंतिम आदेश झाल्यापासून ६ महिन्यांत अर्ज करायचा असतो. उशीर झाला असेल तर सबळ कारण दाखवून विलंब माफ करून घेता येतो, पण त्यासाठी वेगळा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र लागते. नोकरी आसामात झालेली असली तरी सेवेतून बाहेर पडलेला माणूस जिथे राहतो तिथल्या खंडपीठाकडे जाऊ शकतो, म्हणून नाशिककराला मुंबईचे खंडपीठ पुरते आणि पहाटे उठून पंचवटी एक्स्प्रेस गाठली तर त्याच दिवशी परतही येता येते. तिथे स्वतः बाजू मांडण्याची मुभा आहे, तरी मी ती कोणाला सुचवत नाही. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात विचारावे. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि ठरावीक उत्पन्नमर्यादेखालील लोकांना मोफत मदतीचा हक्क आहे. न्यायाधिकरणाचा निर्णय विरुद्ध गेला तरी उच्च न्यायालयाचे दार बंद नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने परशोत्तम दास प्रकरणात मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

पाठवलेल्या प्रत्येक कागदाची छायाप्रत आणि स्पीड पोस्टची पावती त्याच पानाला टाचून ठेवावी, आणि पावतीवरची शाई उडते म्हणून पावतीचीही छायाप्रत काढावी. निफाडच्या त्या बाईंनी आता खताची पिशवी सोडून एक निळी फाइल केली आहे. तिच्या पहिल्या पानावर आदेश आहे आणि त्याच्या समासात मुलाने पेन्सिलीने लिहिले आहे, ‘नियम १७, उत्तराला दोन दिवस’.