हॉलची किल्ली कोणाकडे असते? पसंतीक्रम भरण्यापूर्वी महाविद्यालयाचे वातावरण कसे पारखावे

बारावीनंतर सीईटीचा निकाल लागला की घरोघरी गेल्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या उघडतात आणि पुढचे काही आठवडे पर्सेंटाइलच्या हिशोबात जातात. हा हिशोब आवश्यकच आहे, परंतु त्यातून प्रवेश कुठे मिळू शकेल एवढेच कळते. तिथली मुले-मुली तास संपल्यावर काय करतात आणि आपले मूल त्यांच्यात रुळेल का, हे यादीत कुठेच लिहिलेले नसते. अभियांत्रिकीच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप गोठते, म्हणजे तीच कायम होते, आणि पुढच्या फेऱ्यांचा मार्ग बंद होतो. म्हणून ही पारख पसंतीक्रम भरण्यापूर्वीच करायला हवी.

त्यासाठी महोत्सवाच्या दिवशी जाऊ नये. सेंट झेवियर्सचा ‘मल्हार’ किंवा आयआयटी मुंबईचा १९७१पासून चालत आलेला ‘मूड इंडिगो’ जरूर पाहावा, पण तिथे निम्मी गर्दी बाहेरच्या महाविद्यालयांची असते आणि त्या दोन-चार दिवसांवरून उरलेल्या वर्षाचा अंदाज बांधता येत नाही. वरच्या वर्गांचे तास सुरू झाल्यानंतरचा एखादा साधा मंगळवार किंवा बुधवार निवडावा, आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास पोहोचावे. तास संपत आल्यावर मुले फाटकाकडे निघतात की आवारातच रेंगाळतात, हे त्या वेळी आपोआप दिसते.

दोन वर्षांपूर्वी भाचीसाठी मी पुण्यातली दोन महाविद्यालये अशी पाहिली. दोन्हींच्या कटऑफमध्ये जेमतेम एका पर्सेंटाइलचा फरक होता. पहिल्याची इमारत नवी, सभागृह वातानुकूलित. मात्र चार वाजताच सुरक्षारक्षक पोर्चमध्ये उभ्या मुलांना ओळखपत्र विचारत बाहेर काढू लागला होता, आणि सूचनाफलकाच्या काचेआड गेल्या वर्षीच्या गॅदरिंगची पत्रिका व तिच्याशेजारी डिफॉल्टरांची, म्हणजे हजेरी कमी भरलेल्यांची, तीन पानी यादी होती. दुसऱ्या महाविद्यालयाच्या भिंतींचे पोपडे निघाले होते. तिथे पार्किंगच्या शेडमध्ये आठ-दहा जणांची तालीम चालली होती आणि एक मुलगी पालथ्या बादलीवर बसून संहितेतून प्रॉम्प्टिंग करत होती. तेवढ्यात शिपाईकाका आले. आता हे त्यांना हाकलणार असे मला वाटले, पण ते म्हणाले, “पाऊस यायचा आता. हॉलची किल्ली देतो, वहीत सही करा.” परतताना भाची म्हणाली, “मामा, इथे मागितली तर किल्ली मिळते.”

तेव्हापासून मी पालकांना हॉलची किल्ली कोणाकडे असते, हाच प्रश्न विचारायला सांगतो. माहितीपत्रकात नाट्य, संगीत, वादविवाद, रोबोटिक्स अशी सर्व मंडळे छापलेली असतात. ती खरोखर चालतात का, हे खोलीची किल्ली कोणाकडे असते आणि ती किती वाजेपर्यंत मिळते, यावरून समजते. जिथे मुलांना जागा आणि वेळ मिळतो, तिथे परंपरा टिकतात. पुण्यात १९६३पासून होणाऱ्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेसाठी काही महाविद्यालयांचे संघ वर्षानुवर्षे उतरतात, किंवा पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचा बोट क्लब आणि त्याची रेगाटा (नौकांचा वार्षिक सोहळा) इतकी दशके चालू आहे, ती मुख्यतः वरच्या वर्गातली मुले खालच्यांना काम शिकवून जातात म्हणून. मात्र केवळ करंडकांचे कपाट पाहून भारावून जाऊ नये. पहिल्या वर्षाच्या मुलांना संघात कसे घेतात, निवड न झालेल्यांना बॅकस्टेजला तरी काम मिळते का, की ठरावीक शाळांतून आलेल्यांचाच तो गट असतो, हे विचारावे.

विचारायचे कोणाला, हेही महत्त्वाचे आहे. स्वागतकक्षातील स्वयंसेवक चांगलेच बोलणार. शेवटच्या वर्षाची मुले एक तर हळवी झालेली असतात किंवा वैतागलेली. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी सर्वांत उपयोगी, आणि तोही शक्यतो आपल्यासारख्या पार्श्वभूमीचा, म्हणजे तालुक्याच्या गावातून आलेला, मराठी माध्यमातला किंवा वसतिगृहात राहणारा. “वातावरण कसं आहे?” असे विचारले तर “मस्त आहे” यापलीकडे उत्तर मिळत नाही. त्याऐवजी “काल तास संपल्यावर कुठे होतास?”, “डबा कोणाबरोबर खातोस?”, “केटी लागलेल्यांना (म्हणजे विषय राहिलेल्यांना) जुन्या नोट्स कोण देतं?” असे विचारावे. कॅन्टीनमध्ये अर्धा तास बसून कोणत्या टेबलावर कोणती भाषा बोलली जाते तेही ऐकावे. एका भाषेची मुले एकत्र बसणे स्वाभाविक आहे. मात्र प्रॅक्टिकलच्या बॅचही तशाच पडत असतील तर नव्या मुलाला शिरकाव अवघड जातो. (हजेरीपट आडनावांच्या अकारविल्हे लावला की पाटील आणि पवार यांची चार वर्षांची मैत्री ठरलेलीच असते, आणि मला ती पद्धत मुळीच वाईट वाटत नाही.)

अंतर आणि पैसा यांचा संबंध आपण अभ्यासाशी लावतो. प्रत्यक्षात मैत्रीवरही त्यांचा तितकाच परिणाम होतो. बदलापूरहून माटुंग्याला ये-जा करणाऱ्या मुलीने सात वाजेपर्यंत तालीम केली तर घरी पोहोचायला नऊ वाजतात. हे आधी बोलून ठरवले नाही तर पहिल्याच महिन्यात घरात कुरबुर सुरू होते. वसतिगृहात राहायचे असेल तर मुलींचे फाटक किती वाजता बंद होते आणि मुलांचे किती वाजता, हे दोन्ही विचारावे. वाचनालय रात्री दहापर्यंत उघडे आणि मुलींचे फाटक आठला बंद असेल, तर ते वाचनालय निम्म्या विद्यार्थ्यांसाठीच आहे. वसतिगृह मिळाले नाही तर कॉट बेसिसची (खाटेमागे भाडे आकारणारी) खोली आणि मेस महाविद्यालयापासून किती लांब पडते, तेही चालत जाऊन पाहावे. गेल्या वर्षीच्या सहलीला किती खर्च आला आणि वर्गातले किती जण गेले नाहीत, या प्रश्नाच्या उत्तरातून तिथल्या मुलांच्या खिशाचा अंदाज येतो. ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम करणारी मुले आवारात उघडपणे काम करताना दिसत असतील, तर ते चांगले लक्षण मानावे.

रॅगिंगविरोधी समितीचा फलक सर्वत्र असतो. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९चा आहे, आणि १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय हेल्पलाइन चोवीस तास चालते. फलकावरील दोन नावे टिपून घ्यावीत आणि ते प्राध्यापक कुठे भेटतील असे कार्यालयात विचारावे. त्यांतले एक निवृत्त झालेले निघाले, तर फलक केवळ तपासणीपुरता लावला आहे असे समजावे. लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीबाबतही हेच करावे.

एवढे करूनही शाखा किंवा प्रयोगशाळा यांच्याशी तडजोड करू नये, असे माझे मत आहे. वातावरणाच्या बळावर एक-दोन पर्सेंटाइलचा फरक सोडावा, त्याहून अधिक नाही. आणि आवारात एक फेरी मुलाला एकट्याला मारू द्यावी. पालकांनी तासभर फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा घेत थांबावे, आणि तो बाहेर आल्यावर “आवडलं का?” असे न विचारता “कोणाशी बोललास?” असे विचारावे.