बारा बोअरची पंप अॅक्शन घेताय? या चुका टाळा

पंप अॅक्शन किंवा नुसती 'पंप' म्हणजे पुढची मूठ मागं-पुढं ओढून काडतूस भरायची छर्ऱ्याची बंदूक, आणि बोअर म्हणजे तिच्या नळीच्या रुंदीचं माप. "शिकारीला कुठली पंप चांगली?" हा प्रश्न कोल्हापुरात अजून विचारला जातो, आणि पहिली चूक तिथंच होते. दाजीपूरचं रान संस्थानच्या काळात शिकारीसाठी राखलेलं होतं, खरं आहे. पण १९५८ साली त्याचं अभयारण्य झालं आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीनं शिकारीचा विषयच मिटवला. गवा त्या कायद्याच्या अनुसूची एकमध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत येतो. त्याला मारलं तर तीन ते सात वर्षं आत. रानडुकरानं अख्खा उसाचा फड लोळवला तरी वनखात्याची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय त्याच्यावर बार टाकता येत नाही. बंदुकीचा परवाना वेगळा, ही परवानगी वेगळी. म्हणजे पंप घ्यायची ती स्वसंरक्षणासाठी, ट्रॅप शूटिंगसाठी (उडत्या तबकड्यांवरची नेमबाजी), नाहीतर अशा रीतसर परवानगीच्या कामासाठी.

परवान्यावर काय लिहिलंय हेही पुष्कळजण नीट वाचत नाहीत. पीकसंरक्षणासाठी कायद्यात मुळात ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक धरलेली आहे. ती पुरणार नाही हे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळते. नळीही किमान वीस इंची हवी. व्हिडिओत दिसणारी अठरा इंची 'टॅक्टिकल' पंप बघून बयाणा देऊन बसू नका.

त्या व्हिडिओंनी आणखी एक घोळ घातलाय. रेमिंग्टन ८७० आणि मॉसबर्ग ५०० ही स्वस्त आणि मस्त अमेरिकी पंपची नेहमीची नावं. ८७० बाजारात आली १९५० साली, आणि तिची मजबुती वादातीत आहे. पण ती स्वस्त अमेरिकेत. आपल्याकडे १९८० च्या दशकापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही, त्यामुळे इथं फिरणारी प्रत्येक ८७० जुनी असते आणि नावाचे पैसे वेगळे मोजावे लागतात. तिचा एखादा स्प्रिंग गेला तर सुटा भाग शोधताना दमछाक होते. माझं मत विचाराल तर तिरुचिरापल्लीच्या आयुध निर्माणीची पंप घ्या. फिनिशिंग ओबडधोबड असेल, पण नवी मिळते आणि भागांसाठी दारोदार फिरावं लागत नाही.

आता काडतुसाची गोष्ट, कारण इथली चूक जिवावर बेतू शकते. नळीच्या बुडाशी चेंबरचं, म्हणजे काडतूस बसतं त्या खाचेचं माप कोरलेलं असतं: ७० मिलिमीटर किंवा ७६. काडतुसावर छापलेलं माप हे ते उडाल्यानंतरचं, म्हणजे तोंडाची घडी उलगडल्यानंतरचं असतं. त्यामुळे ७६ चं न उडालेलं काडतूस ७० च्या चेंबरमध्ये आरामात बसतं आणि माणसाला वाटतं, जमलं! बार होताना मात्र घडी उलगडायला जागा उरत नाही आणि दाब भलताच चढतो. उलटं चालतं, ७६ च्या चेंबरमध्ये ७० चं बिनधास्त वापरा. याहून वाईट म्हणजे वीस बोअरचं काडतूस चुकून बारा बोअरमध्ये जाणं. ते घरंगळत पुढं जाऊन नळीत अडकतं, आणि मागून बाराचं घालून घोडा ओढला की नळी फुटते. बारा आणि वीस बोअरची काडतुसं एका खिशात, एका डब्यात कधीही ठेवू नका.

"पंप अडकते, माल खराब आहे" ही तक्रार तर कायमची. बहुतेक वेळा माल ठीक असतो, हात अर्ध्यात थांबलेला असतो. दुनळीची सवय असलेला माणूस पुढची मूठ हळुवार मागं घेतो. मग रिकामं टरफल बाहेर पडत नाही किंवा पुढचं काडतूस वर येत नाही. मूठ शेवटपर्यंत, टणकन आवाज येईस्तोवर मागं खेचायची आणि तशीच जोरात पुढं ढकलायची. डमी काडतुसं घालून घरी सराव करा, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून. एवढं करूनही अडकत असेल, तर टरफल ओढणारा आकडा झिजलाय का आणि काडतुसांच्या नळीत गंज धरलाय का ते कारागिराकडून बघून घ्या.

जुनी घेताना नळी उघडून उजेडाकडे धरा आणि आतून बघा. गोल कड्यासारखी सावली दिसली तर तिथं नळी फुगलीय. बाहेरून बोट फिरवलं की बऱ्याचदा उंचवटाही लागतो. किंमत कितीही पाडून सांगितली तरी सोडून द्या. मूठ थोडी खडखडते, त्याला घाबरू नका. पंपचा तो स्वभावच आहे. दस्ता मात्र अंगाला बसला पाहिजे. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, मग उघडा. नजर सरळ नळीच्या टोकावरच्या मण्यावर गेली तर ठीक. मान वाकवावी लागली तर खांदा सुजणार.

उसाच्या फडात छर्ऱ्याचा भरवसा धरू नका. सहा नंबरचा बारीक छर्रा दोनशे मीटरच्या आसपास जातो, एलजी नावाच्या काडतुसाचा जाडा छर्रा पाचशेच्याही पुढं, आणि पलीकडं ऊसतोडीच्या टोळीच्या खोपी असू शकतात. लग्नात-जत्रेत हवेत बार काढायची हौस तर विसराच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

राहिला पाऊस. गगनबावड्याकडचा जून ते सप्टेंबर बंदुकीचा शत्रू. स्पंजाच्या पेटीत ओल धरते, म्हणून पेटी फक्त प्रवासापुरती. घरी नळीला आतून-बाहेरून तेलाचा हात मारून कपाटात कुलूपबंद ठेवा. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बऱ्याच जणांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते आणि ती तिथं आठवडेच्या आठवडे पडून राहते. द्यायच्या आदल्या दिवशी तेल जरा सढळ हातानं लावा, पावतीवरचा नंबर बंदुकीवरच्या नंबराशी ताडून बघा, आणि परत घेताना तिथंच नळी उजेडाला धरून बघा.