खनिजांचे थेंब रोज घेताय? आधी या चुका टाळा

"ताई, ते पाण्यात टाकायचे मिनरलचे थेंब आहेत का?" आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न हल्ली आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. विचारणाऱ्याच्या घरी बहुधा आरओ बसवलेलं असतं आणि पाण्यातलं सत्त्व निघून जातं ही धास्ती असते. धास्ती अगदीच खोटी नाही. आरओमुळे पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम बरंचसं जातं. पण लोह, झिंक हे आपल्याला पाण्यातून फारसं मिळतच नव्हतं, ते ताटातून येतं. म्हणून थेंब मागणाऱ्याला मी आधी एकच विचारते, नक्की कुठलं खनिज हवंय?

बाटलीच्या दर्शनी भागावर विश्वास ठेवणं

पुढे 'ट्रेस मिनरल' लिहिलेलं असतं. बाटली फिरवून मागचा तक्ता वाचा. खाऱ्या सरोवराचं पाणी आटवून केलेल्या अशा थेंबांत मुख्यतः मॅग्नेशियम आणि क्लोराइड असतं. मॅग्नेशियम हे ट्रेस खनिज नव्हेच. मोठ्या माणसाला ते दिवसाला चारशे मिलिग्रॅमच्या आसपास लागतं. ट्रेस म्हणजे लोह, झिंक, तांबं, आयोडीन, सेलेनियम अशी काही मिलिग्रॅम किंवा मायक्रोग्रॅममध्ये लागणारी खनिजं. हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून कुणी हे थेंब चार महिने घेत बसलं, तर अशक्तपणा तिथेच राहतो आणि खरे उपचार लांबतात. '७२ खनिजं' वाचूनही हुरळू नका. शरीराला लागणारी ट्रेस खनिजं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. अशा लांबलचक याद्यांत कधी कधी शिसं आणि आर्सेनिकही बसलेलं असतं.

लोहाच्या सिरपबाबत आणखी एक गोष्ट. लेबलवर क्षाराचं (म्हणजे लोहाच्या संयुगाचं) वजन लिहिलंय की प्रत्यक्ष लोहाचं, ते पाहा. फेरस फ्युमरेट १०० मिलिग्रॅम असेल तर त्यात लोह साधारण ३३ मिलिग्रॅमच असतं. 'एलिमेंटल आयर्न' या शब्दांपुढचा आकडा तो खरा.

पातळ आहे, थोडं जास्त गेलं तर काय होतंय?

सगळ्यात जास्त काळजी मला या समजुतीची वाटते. गोळी अर्धी की एक, हे डोळ्यांना दिसतं. थेंबांचा हिशेब मात्र नजर चुकली की दुप्पट होतो.

२००८ साली अमेरिकेत एका द्रवरूप पूरकात सेलेनियमचं प्रमाण कारखान्यातच चुकलं. लेबलवर एका मात्रेत २०० मायक्रोग्रॅम लिहिलं होतं, प्रत्यक्षात होतं त्याच्या सुमारे २०० पट. दहा राज्यांतल्या २०१ जणांना त्रास झाला. जुलाब, थकवा, सांधेदुखी, केस गळणं, नखं खराब होणं. ती सगळी तब्येत सुधारावी म्हणून रोज नेमाने घेणारी माणसं होती. तिथे चूक बनवणाऱ्याची होती, पण सेलेनियमसारख्या खनिजात पुरेसं आणि घातक यांत अंतर किती थोडं असतं, हे त्यातून कळतं.

आयोडीनचे थेंब तर स्वतःच्या मनाने घेऊच नका. ल्युगॉल नावाच्या आयोडीनच्या औषधी द्रावणाच्या, ५ टक्क्यांच्या, एका थेंबात साधारण ६ मिलिग्रॅम आयोडीन असतं. आपली दिवसाची गरज सुमारे १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एकाच थेंबात चाळीस दिवसांचं आयोडीन गेलं. त्याने थायरॉइडचं काम मंदावू शकतं किंवा उलट भडकू शकतं. घरात आयोडीनयुक्त मीठ असेल तर बहुतेकांची गरज तिथेच भागते.

झिंकचंही तसंच. कोरोनाच्या दिवसांत सुरू झालेलं झिंक काहींनी कधी थांबवलंच नाही. रोज ५० मिलिग्रॅम किंवा जास्त झिंक महिनोन् महिने घेतलं, तर आतड्यात तांबं शोषलं जात नाही. मग रक्त कमी होऊ शकतं आणि पायांना मुंग्या येऊ शकतात.

मोजायला बाटलीसोबतचं झाकण किंवा ड्रॉपरच वापरा. घरातला चहाचा चमचा कुणाचा ३ मिलिलिटरचा, कुणाचा ६ चा. सस्पेन्शन, म्हणजे तळाशी गाळ बसणारं औषध, असेल तर आधी बाटली हलवा, नाहीतर वरचं पाणी आधी पोटात जातं आणि तळाचा गाळ शेवटच्या दिवसांत.

चहासोबत, गोळ्यांसोबत

आपल्याकडे सकाळ चहाने होते, आणि चहा लोहाला आतड्यात अडवतो. दोन्हींत किमान तासाभराचं अंतर हवं. दूध आणि कॅल्शियमच्या गोळीचंही तेच. लोह लिंबूपाण्याबरोबर घ्या.

थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी घेणाऱ्यांनी लोह, कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचे थेंब चार तासांनंतरच घ्यावेत. सहा महिने रिपोर्ट का सुधारत नाही म्हणून हैराण झालेल्या एक बाई नाश्त्याबरोबर टॉनिक घेत होत्या. वेळ बदलल्यावर त्यांच्या थायरॉइड तपासणीतला टीएसएचचा आकडा हळूहळू खाली आला. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स चालू असतील तर ती पुरी होईपर्यंत टॉनिक थांबवायचं का, ते डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर त्यांच्या होकाराशिवाय मॅग्नेशियमचा थेंबही नको.

त्रास झालाच तर

झिंकने मळमळतंय? जेवणानंतर घ्या. मॅग्नेशियमच्या थेंबांनी पोट ढिलं झालं तर मात्रा निम्मी करा. लोहाच्या सिरपने दात काळे पडतात, म्हणून स्ट्रॉने घ्या आणि लगेच चूळ भरा. शौच काळसर होणं अपेक्षितच आहे. पण ती डांबरासारखी चिकट आणि फार दुर्गंधीची असेल तर ते रक्त असू शकतं, त्याच दिवशी दाखवा.

तपासणीशिवाय लोह

हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोह कमी, असं दरवेळी नसतं. थॅलेसेमिया मायनर हा रक्ताचा सौम्य आनुवंशिक दोष असलेल्यांचा साधा रक्ताचा रिपोर्ट बराचसा लोहाच्या कमतरतेसारखा दिसतो. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासलं की लोह खरंच कमी आहे का ते कळतं. त्यांना विनाकारण वर्षभर लोह पाजण्यात अर्थ नाही.

आणि कमतरता नसेल, नुसतंच 'रोजच्या तब्येतीसाठी' हवं असेल, तर मी बाटली विकण्याआधी मटकीची उसळ सुचवते. मोड आणले की कडधान्यातलं, खनिजांना अडवणारं फायटेट कमी होतं, लोह आणि झिंक जास्त अंगी लागतं. वर लिंबू पिळायला विसरू नका. थंडीत अळिवाचा लाडू.

बाटली कुठे ठेवता?

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना सरकारी योजनेत लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा, फक्त १ मिलिलिटर देतात. तेवढ्यात २० मिलिग्रॅम लोह असतं. मोठ्यांची गोड चवीची बाटली मुलाने तोंडाला लावली तर काय होईल, याचा अंदाज यावरून करा. ती कडीकुलपात ठेवा, फ्रिजच्या दारात नको. आणि मुलाने प्यायलीच, तर उलट्या थांबल्या, खेळायला लागलं म्हणून घरी थांबू नका. लोहाच्या विषबाधेत काही तास बरं वाटतं आणि मग प्रकृती एकदम ढासळते. बाटली बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा, किती उरलंय ते डॉक्टरांना पाहायचं असतं.