बैठक मारताना खाली कोण नेतं? बायोमेकॅनिक्स नव्याने शिकणाऱ्यांसाठी

फिजिओथेरपीला किंवा बी.पी.एड.ला असाल तर न्यूटनचे नियम आणि लिव्हरचे तीन प्रकार तुम्हाला पाठ असतीलच. त्यावर दोन-चार मार्क मिळतात. विषय खरा अडतो तो पुढे, आणि तिथे मीही बरेच दिवस अडकून पडले होते.

बैठक मारताना खाली जाता तेव्हा गुडघा वाकतो. गुडघा वाकवणारे स्नायू मांडीच्या मागचे, हॅमस्ट्रिंग. म्हणजे खाली जाताना ते काम करतात आणि वर येताना पुढचे क्वाड्रिसेप्स? नाही! गुडघा वाकवतंय गुरुत्वाकर्षण. वजनाची रेषा गुडघ्याच्या मागून जाते, त्यामुळे स्नायू सैल सोडले तर तुम्ही धपकन खाली बसाल. ते होत नाही, कारण क्वाड्रिसेप्स लांबत लांबत ब्रेक लावत असतात. वर येताना तेच आखडतात. उतरताना एक्सेंट्रिक, चढताना कॉन्सेंट्रिक, स्नायू तेच. हॅमस्ट्रिंग अगदी गप्प नसतात, पण त्यांचं मुख्य काम तेव्हा खुब्याच्या सांध्याशी असतं.

पटत नसेल तर मांडीवर हात ठेवून खुर्चीवर अगदी सावकाश बसा. पुढची बाजू टणक लागेल. जोर मारताना खाली जाता तेव्हा कोपर वाकतं, पण राबतो दंडाच्या मागचा ट्रायसेप्स. भरलेली बादली हळूच खाली ठेवताना कोपर सरळ होतं, तरी ताण दंडाच्या पुढच्या बायसेप्सवर. गड चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या मुख्यतः उतरल्यामुळे.

म्हणून सांधा कुठे वळतोय हे आधी बघू नका. बाहेरचं बल त्याला कुठे वळवू पाहतंय ते विचारा. हालचाल सावकाश असेल तर त्याच्या विरुद्ध खेचणारा स्नायू हेच उत्तर. पालथं झोपून, घोट्याला रबरबँड बांधून तोच गुडघा वाकवा. आता विरोध बँडचा आहे, म्हणून हॅमस्ट्रिंग. व्हायवात हे हमखास फिरवून विचारतात आणि सीनियर्सच्या झेरॉक्स नोट्स इथेच दगा देतात. त्यात फक्त ‘वाकणे – फ्लेक्सर (सांधा वाकवणारा स्नायू)’ असा तक्ता असतो. तो फाडून टाका.

गणिताला मात्र घाबरू नका. कोपर काटकोनात ठेवून ५ किलोचं डंबेल धरलं की वजन साधारण ५० न्यूटन. ते कोपरापासून ३५ सेंटिमीटरवर आणि बायसेप्सची पकड ५ सेंटिमीटरवर धरली, तर स्नायूला ५० × ३५ ÷ ५, म्हणजे ३५० न्यूटन लावावे लागतात, तेही हाताचं स्वतःचं वजन सोडून. गुणाकार-भागाकार आला की झालं.

मोबाइलवर व्हिडिओ थांबवून कोन काढणाऱ्या ॲपवर माझा फारसा विश्वास नाही. कॅमेरा हालचालीच्या प्रतलाला काटकोनात नसेल तर कोन चुकीचाच येतो, आणि ॲप तुम्हाला ते सांगत नाही. त्यापेक्षा मैदानावरचे जुने प्रशिक्षक गाठा. त्यांना टॉर्क, म्हणजे सांधा फिरवणारा जोर, असा शब्द म्हणता येत नसेल, पण खेळाडू कुठे वजन टाकतोय हे त्यांना लांबून दिसतं.

त्यांनाच गोळाफेकीचा कोन विचारा. पुस्तकातलं ४५ अंश हे जमिनीवरून सुटणाऱ्या वस्तूसाठी आहे. गोळा सुटतो खांद्याच्याही वरून, शिवाय जास्त तिरपा वर ढकलायला गेलं की वेग पडतो. म्हणून चांगले गोळाफेकपटू बहुधा ४० अंशांच्या खालीच सोडतात.